गेट नंबर दोन

शनिवारी दहापर्यंत झोपणं हा आपला जन्मसिद्ध हक्क. पण ताईचा फोन आला, "शाळेच्या ट्रिपला मोठी माणसं कमी पडतायत, भाच्यासाठी एवढं करशील ना?" मला वाटलं सिंहगड, गेला बाजार कात्रजचं झू. बस निघाली खडकीला, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरकडे. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखाली, काही वेळा मानेखालीही लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ साली सुरू झालेलं हे सेंटर. पुण्यात इतकी वर्षं काढली, पण मी कधी त्या रस्त्याला वळलो नव्हतो.

बसमध्ये टीचरनी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेला सांगली जिल्ह्यातला हा जवान १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहला आणि भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. 'चंदू चॅम्पियन' पाहिलेली पोरं एकदम चार्ज! साहजिकच, व्हीलचेअरवरचे पहिले काका दिसताच भाच्याने विचारलं, "तुम्हाला गोळी कुठे लागली?"

मी मागून त्याचा शर्ट ओढला.

"गोळी नाही रे. गाडी दरीत गेली," काका म्हणाले. भाच्याचा चेहरा पडला. (माझाही पडला असावा. हीरो म्हणजे गोळीच हवी ना आपल्याला!)

"मग झोपता कसे?" पुढचा प्रश्न. मी पुन्हा शर्ट शोधायला लागलो, पण काका खूश. कमरेखाली काही कळतच नाही, त्यामुळे एकाच अंगावर पडून राहिलं तर जखमा होतात. म्हणून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलायची. "सेंट्री ड्यूटी अजून संपली नाही म्हण ना!" मग त्यांनी बास्केटबॉलचं सांगितलं. खेळणारे खुर्चीत, पण बास्केट तुमच्याआमच्यासारखंच दहा फुटांवर. एक इंचही खाली नाही. पोरांनी बनवलेली ग्रीटिंग्ज त्यांनी घेतली, एकातलं स्पेलिंगही सुधारलं.

निघताना मला विचारलं, "साहेब, तुम्ही कुठे असता?" मी आयटी पार्कचं नाव सांगितलं.

"अरे, आमच्या पलटणीतला एकजण तिथेच आहे की! गेट नंबर दोन." त्यांनी नाव सांगितलं. "पोरीची बारावी झाली का, विचारा त्याला."

आता आली का पंचाईत! तीन वर्षं मी रोज त्याच गेटने आत जातो. नाव ओळखीचं वाटेना आणि चेहराही आठवेना. आठवली ती फक्त मिशी, तीसुद्धा नक्की त्यांचीच का, कोण जाणे. जवान ऐन चाळिशीच्या आत-बाहेर रिटायर होतात, मग पुढचं आयुष्य अशा गेटांवर जातं, हे मला माहीत होतं. म्हणजे, जनरल नॉलेजपुरतं.

सोमवारी दहा मिनिटं आधी पोचलो. मिशी होती. नावाने हाक मारली, खडकीचा निरोप सांगितला. ते क्षणभर बघतच राहिले.

"शहाऐंशी टक्के पडले म्हणावं," ते म्हणाले. मग आवाज पुन्हा ड्यूटीवर गेला. "आणि सर, कार्ड गळ्यात घाला. खिशात चालत नाही."