वर्ष बुडते काय?

परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाचे 'वर्ष बुडाले' असे आपण म्हणतो. बारावी झाल्यावर, पुढील शिक्षणाला लागण्यापूर्वी एखादा मुलगा वर्षभर परदेशी राहावयास निघाला, की वडीलधारी मंडळी हेच शब्द उच्चारतात. मला ते मान्य नाही. मात्र परदेशी नुसते पाऊल टाकल्याने वर्ष सार्थकी लागते, असेही मी म्हणणार नाही.

जर्मनीत २०११ साली सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली, तेव्हा तेथील सरकारने स्वयंसेवेची एक नवी योजना सुरू केली. वृद्धाश्रम, रुग्णालये, बालवाड्या अशा ठिकाणी साधारणतः वर्षभर काम करावयाचे. पगार नाही, हातखर्चापुरते पैसे मिळतात. परदेशी तरुणांनाही तीत प्रवेश असतो. माझा एक विद्यार्थी या योजनेतून उत्तर जर्मनीतील एका वृद्धाश्रमात गेला होता.

पहिले तीन महिने फार कठीण गेले. पुण्यास शिकलेली जर्मन भाषा तेथील वृद्धांच्या बोलीपुढे लंगडी पडली. रविवारी दुकाने बंद असतात हे ध्यानात न आल्याने पहिला रविवार बिस्किटांवर काढावा लागला. डिसेंबरात चारच्या सुमारासच दिवस मावळे. मग खोलीचे दार लावून तो मोबाईलवर घरच्यांशी दोन-दोन तास बोलत बसे. घरी आज कोणती भाजी झाली, हे त्यास ठाऊक असे. परंतु ज्या आजोबांना तो रोज चाकांच्या खुर्चीतून फिरवी, त्यांनी आयुष्यभर कोणता व्यवसाय केला, हे ठाऊक नव्हते. देह जर्मनीत आणि चित्त पुण्यात! मुलांनो, असे वर्ष मात्र खरोखरच बुडते.

ते आजोबा सुतार होते, हे एके दिवशी सहज कळले. जर्मनीत सुतार, गवंडी इत्यादी कारागिरांची एक जुनी प्रथा आहे. उमेदवारी संपली, की तरुण कारागीर तीन वर्षे आणि एक दिवस घराबाहेर पडतो. तो अविवाहित आणि ऋणमुक्त असावा लागतो. काळा पोशाख, रुंद काठाची टोपी आणि हाती काठी घेऊन तो गावोगाव काम करीत हिंडतो. त्या काळात आपल्या गावापासून पन्नास किलोमीटरांच्या आत त्याने येता कामा नये, असा दंडक आहे. आजही असे कारागीर तेथील रस्त्यांवर दिसतात. आजोबांनी तरुणपणी ही भ्रमंती केली होती.

ते ऐकून आमच्या विद्यार्थ्याने ठरविले, की घरी फोन करावयाचा तो फक्त रविवारी. (आजारपणी वा संकटात वार पाहू नये, हे सांगणे नलगे.) मला हा निर्णय योग्य वाटतो. एकटेपणा बोचू लागला, की मनुष्य शेजारच्या दारावर टकटक करतो. खिशातच घर असेल, तर त्या दाराकडे तो कशाला जाईल?

त्याच्या संध्याकाळी आता आजोबांच्या खोलीत जाऊ लागल्या. रंधा, करवत, पटाशी यांची जर्मन नावे तो शिकला. आपल्या 'तू' आणि 'आपण' यांप्रमाणे जर्मन भाषेतही 'डू' आणि 'झी' आहेत. सलगी झाली, की तेथे वडील माणूस आपण होऊन 'मला डू म्हण' असे सांगतो. आजोबांनी तसे सांगितले, तेव्हा ऐंशी वर्षांच्या वृद्धाला 'तू' म्हणावयास त्याची जीभ धजेना! चार दिवस त्याने नुसते हातवाऱ्यांवर निभावले. पाचव्या दिवशी 'डू' म्हणाला, तेव्हा आजोबांनी टाळ्या वाजविल्या.

हे सारे मी त्याच्या आईला मोठ्या कौतुकाने सांगू लागलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, त्याचे वर्ष सार्थकी लागले, हे खरे. पण सोमवार ते शनिवार मी कसे काढले, हे त्याने विचारले नाही, आणि तुम्हीही नाही."

मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही.