चेंडू पडू द्या!

दोस्तांनो,

आठवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, ‘मी रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारतो, बारा सूर्यनमस्कार घालतो. तरी क्रिकेटमध्ये झेल सुटतो आणि सगळे हसतात. काय करू?’

पत्र वाचलं आणि मला माझी शाळा आठवली. ‘हाताला लोणी लावलंय का रे?’ हे मीही खूप ऐकलंय!

तर आज असा खेळ सांगतो, ज्यात चेंडू जमिनीवर पडायलाच हवा. सर्कशीतला जगलर तीन चेंडू हवेत उडवून झेलतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाउन्स जगलिंगमध्ये चेंडू खाली सोडायचे आणि टप्पा घेऊन वर आले की पकडायचे.

गंमत म्हणजे हे झेलायला सोपं असतं! वरून येणारा चेंडू वेगात असतो. टप्पा घेऊन वर आलेला चेंडू मात्र सगळ्यात उंच जागी क्षणभर थबकतो. तेव्हाच त्याला गाठायचं. १९४८ साली माहितीशास्त्राचा पाया घालणारे अमेरिकेतले गणिती क्लॉड शॅनन यांना जगलिंगचं वेड होतं. त्यांनी मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग जोडून एक यंत्र बनवलं. ते पोलादी गोळ्या टप्पा देऊन झेलायचं!

आता सुरुवात करू. एकसारखे तीन चेंडू घ्या. भरीव रबराचे छान उसळतात. टेनिसचा चेंडू सोडला तर निम्म्याहून थोडाच जास्त वर येतो, म्हणून तो जरा जोर लावून खाली टाकावा लागतो. जमीन कडक आणि सपाट हवी.

आधी एकच चेंडू. उजव्या हातातून सोडा, समोर मधोमध टप्पा पडू द्या, डाव्या हाताने झेला. मग डावीकडून उजवीकडे. हे न चुकता वीस वेळा जमलं की दोन चेंडू. पहिल्याचा ‘टप्’ आवाज आला की दुसरा सोडा, जरा आतल्या बाजूने, म्हणजे टक्कर होणार नाही. तेही जमलं की तीन. उजव्या हातात दोन, डाव्यात एक. उजवा, डावा, उजवा आणि थांबा. घाई नको.

व्यायामात हे कुठे बसवायचं? आधी पाच मिनिटं हळू धावून, खांदे-मनगटं फिरवून अंग मोकळं करा. मग दहा मिनिटं चेंडू. फेऱ्या, सूर्यनमस्कार त्यानंतर. दमलेल्या हातांना नवीन गोष्ट शिकवणं जड जातं ना! उभं राहताना गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ. पळालेला चेंडू उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यांतून खाली बसा. वीस वेळा चेंडू पळाला, तर वीस बैठका फुकटात! पण हा खेळ धावण्याऐवजी नाही हं, धावण्याच्या जोडीला आहे.

आणखी एक. २००४ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी तीन चेंडूंचं जगलिंग शिकणाऱ्यांचे मेंदू तपासले. तीन महिन्यांच्या सरावानंतर हलत्या वस्तू टिपणारा भाग थोडा वाढलेला दिसला. सराव सोडल्यावर ती वाढ बरीचशी ओसरली! म्हणून रोज थोडं, पण रोज.

आई-बाबांसाठी एक विनंती. जागा अंगणातली किंवा तळमजल्यावरची द्या. नाहीतर खालच्या आजोबांची दुपारची झोप उडायची!

आणि पत्र लिहिणाऱ्या मित्रा, पुढच्या सामन्यात झेल हमखास घेशील, असं वचन मी देत नाही. पण महिनाभर रोज चेंडू निसटतील आणि तू ते उचलून पुन्हा उभा राहशील. मग एखादा झेल सुटला, कुणी हसलं, तरी पुढच्या चेंडूला तुझे हात मागे राहणार नाहीत.

सलग किती टप्पे जमले, ते कळवा. वाट पाहतोय.

तुमचा,
काका