टोफूच्या शंभर कृती आणि एक चुकीची तुलना

१/ आपल्याकडे टोफूची ओळख बहुधा ‘पनीरसारखे काहीतरी’ अशी करून दिली जाते. मग तो पालकाच्या दाट रश्शात पडतो, बेचव ठरतो आणि पुन्हा घरात येत नाही. यात दोष पदार्थाचा नाही, तुलनेचा आहे. याची साक्ष १७८२ साली ओसाकात प्रसिद्ध झालेले एक पुस्तक देते.

२/ ‘तोफू ह्याकुचिन’ हे त्याचे नाव. एकाच पदार्थाच्या शंभर कृती! लेखक टोपणनावाआड आहे. मुद्रा कोरणारे कलावंत सोदानी गाकुसेन हेच ते असावेत, असे मानले जाते. पुस्तक इतके गाजले की पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आला. पाठोपाठ रताळ्यावर आणि ताई माशावरही अशीच ‘शंभरी’ पुस्तके निघाली.

३/ कृतींच्या सहा प्रती लावल्या आहेत, अगदी नित्याच्या पदार्थापासून सर्वश्रेष्ठापर्यंत. त्यांतल्या एका प्रतीत केवळ नावे आहेत, कृती नाहीत. त्या सर्वांना ठाऊकच आहेत, असे लेखक गृहीत धरतो. इतिहासाच्या अभ्यासकाने थबकावे ते इथे. घरोघरी रोज घडणारी गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही आणि म्हणूनच ती सर्वांत आधी हरवते.

४/ पहिली कृती ‘किनोमे देन्गाकू’. टोफूचे तुकडे काडीला टोचून भाजायचे आणि त्यांवर सान्शोची कोवळी पाने वाटून घातलेला मिसो लावायचा. सान्शो हा कोकणातल्या तिरफळाचा सख्ख्या कुळातला भाऊ! घरी करून पाहणाऱ्याने टोफू आधी फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवावे. पाणी निघाल्याशिवाय तो नीट भाजत नाही.

५/ सर्वश्रेष्ठ प्रतीत मात्र थाटमाट नाही. तिथल्या ‘यु-याक्को’साठी कुझूच्या कंदाचे सत्त्व घालून किंचित दाट केलेले पाणी उकळायचे, त्यात टोफू सोडायचा आणि तो तरंगू पाहतो त्या क्षणी उचलायचा. तरंगला, की जास्त शिजला. मसाल्यात बुडवून चव ‘आणण्याचा’ अट्टहास इथे निरर्थक ठरतो.

६/ तरीही टोफूचा इतिहास सांगताना सारे धावतात ते हान राजवंशातील लिऊ आन या राजपुत्राकडे. त्याने टोफू शोधला, ही कथा फार नंतरची आहे. टोफूचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख दहाव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजारांहून अधिक वर्षांचा. त्यात एक काटकसरी अधिकारी मांसाऐवजी टोफू विकत घेतो आणि लोक टोफूला मटणाच्या जोडीला बसवणारे नाव देतात. राजपुत्रापेक्षा हा बाजारहाट करणारा अधिकारी अधिक विश्वासार्ह वाटतो.

७/ या खाद्यवैभवाला दुसरी बाजूही आहे. १७८२ सालीच जपानात तेन्मेईचा दुष्काळ सुरू झाला. १७८३ साली आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. ओसाकात दुसरा भाग विकला जात असताना ईशान्येकडची गावे उपासमारीने ओस पडत होती. या पुस्तकावरून ‘त्या काळचे जपानी काय खात’ असे सरसकट विधान करणे म्हणूनच धाडसाचे आहे. फार तर, ओसाकातल्या पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्यांना काय खावेसे वाटे, एवढेच म्हणता येईल.

८/ आणि आपल्याकडे? लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि त्याचे मुख्यतः तेल व पेंड होते. दाणे रात्रभर भिजवणे, वाटणे, उकळून गाळणे, मग मीठ काढल्यावर उरणाऱ्या समुद्रजलातला कडू क्षार घालून ते दूध गोठवणे, एवढीच टोफूची कृती. दाणा मराठवाड्यात आहे, मिठागरे कोकणात आहेत.