तिसरी सीट कुणाची?

प्रेशर व्हेसलची गणितं सोडवताना आपलं धोरण एकच : दाब वाढला की भिंत जाड करा! आपल्या देशात तयार होत असलेली ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडीही त्याच हिशोबाची. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ६००० मीटरवर ६०० पट. म्हणून तीन माणसांसाठी ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोळा.

आता गंमत बघा. २०२२ साली जपानजवळच्या सागरी खंदकात ८३३६ मीटरवर एक स्नेलफिश कॅमेऱ्यात दिसला. मऊ, लिबलिबीत, अंगावर खवलेसुद्धा नाहीत. पठ्ठ्या दाबाला अडवतच नाही! अंगात हवेची पिशवी नाही, त्यामुळे आत-बाहेर दाब सारखाच. तरी एवढ्या दाबाखाली प्रथिनांचा आकार बिघडतो. त्यावर उपाय म्हणजे पेशींतलं टीएमएओ नावाचं रसायन. मासा जितका खोल, तितकं ते जास्त. मासळी बाजारात आपण नाक दाबतो ना, तो वास हेच रसायन कुजल्याचा. (आमच्या मेसच्या वासाचं कारण अजून सापडलेलं नाही.)

हे पुराण सांगायचं कारण असं, की मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर धातूंच्या गाठी शोधायचा हक्क भारताकडे आहे. निकेल, कोबाल्ट, तांबं! त्या वर काढणारं यंत्र डिझाइन करायला मलाही आवडेल, खोटं कशाला बोलू? पण गाठ दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढते, आणि त्या चिखलात स्पंजांना चिकटायला तेवढाच आधार. पेरूजवळ १९८९ मध्ये प्रयोगासाठी तळ नांगरला होता. २०१५ मध्येही चरे तसेच होते.

१९७७ साली गॅलापागोसजवळ ‘अल्विन’ पाणबुडी उतरली, तेव्हा उष्ण झऱ्यांपाशी तोंड नाही, आतडं नाही असे लांबलचक किडे सापडले. अंगातले जिवाणूच त्यांना जेवू घालतात. मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता! काही नमुने चक्क व्होडकात ठेवावे लागले.

म्हणून माझं मत : ‘मत्स्य’मधली एक सीट जीवशास्त्रज्ञासाठी राखून ठेवा, आणि यंत्र कुठे फिरवायचं नाही हे त्याला ठरवू द्या. आमच्या मेकॅनिकलवाल्यांना हे पटत नाही. “आपण बघू की खिडकीतून,” असं परवा हॉस्टेलवर एकजण म्हणाला. बघू, पण मला तरी तिथे नुसता चिखलच दिसेल.