विचारांची उमेदवारी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार गोव्यातील पदवी अभ्यासक्रमांची फेररचना झाली ती २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात इंटर्नशिपला दोन ते चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला किमान तीस तास या हिशेबाने चार श्रेयांकांसाठी एकशेवीस तासांचे प्रत्यक्ष काम विद्यार्थ्याला करावे लागते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बँकेत किंवा लेखापालाच्या कार्यालयात जातो, विज्ञानाचा प्रयोगशाळेत. प्रश्न उरतो तो राज्यशास्त्र, अर्थशास्त्र वा इतिहास शिकणाऱ्यांचा. सरकार कसे चालते, कायदा कसा घडतो, कर कोण भरतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे ज्यांनी शिकायचे त्यांना पाठवायचे कोठे? पुष्कळदा याचे उत्तर ‘जेथे ओळख असेल तेथे’ असेच असते. मग नोंदवह्या उतरवून काढणे, छायाप्रती काढणे, आणि शेवटी शिक्क्याचे प्रमाणपत्र. तास भरतात, शिक्षण झाले की नाही, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचे एक उत्तर मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांनी अर्धशतकापूर्वीच शोधले. ते उत्तर त्यांच्या विचारसरणीशी सहमत नसलेल्यांनीही नीट पाहावे, असे आहे.

वॉशिंग्टनमधील ‘द फंड फॉर अमेरिकन स्टडीज’ या संस्थेची स्थापना १९६७ची. संस्थापकांमध्ये पुराणमतवादी संपादक विल्यम बक्ली होते, तसेच न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर चार्ल्स एडिसन होते. हे विजेचा दिवा घरोघर पोहोचविणाऱ्या थॉमस एडिसन यांचे चिरंजीव. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात विद्यापीठे खदखदत होती, तरुण पिढी डावीकडे झुकते आहे अशी धास्ती उजव्या गोटात होती. त्या धास्तीतून मोर्चाला प्रतिमोर्चा निघाला नाही. निघाला तो एक अभ्यासक्रम. देशभरातील विद्यापीठांतून विद्यार्थी एका सत्रासाठी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत राजधानीत येतात. दिवसा संसद सदस्याच्या कार्यालयात, धोरण संशोधन संस्थेत, वृत्तपत्रात किंवा एखाद्या व्यापारी संघटनेत काम करतात. उरलेल्या वेळात अर्थशास्त्र आणि राज्यघटना यांचे वर्ग. या वर्गांचे श्रेयांक जॉर्ज मेसन विद्यापीठ देते. विद्यार्थ्यांनी एकत्र राहायचे, व्याख्याने एकत्र ऐकायची आणि रात्री त्यावर वाद घालायचा, अशी ती रचना. मर्यादित शासन आणि मुक्त अर्थव्यवस्था हे आपले अधिष्ठान आहे, हे संस्था लपवीत नाही.

‘इंटर्नशिप’ या शब्दाने यातले मर्म कळत नाही. आपल्याकडचा जुना शब्द अधिक नेमका आहे: उमेदवारी. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवायला शिकणारा पोरगा किंवा वकिलाच्या हाताखाली वहिवाटीचे दाखले शोधणारा तरुण उमेदवारी करीत असे. तो हात चालवायला शिकेच, पण त्याबरोबर त्या धंद्याची दृष्टीही घेई. वॉशिंग्टनच्या कार्यक्रमात दिवसा हात चालतो आणि संध्याकाळी दृष्टी मिळते. सकाळी एखाद्या आयात शुल्कावरील टिपण तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला संध्याकाळी वर्गात सांगितले जाते की, शुल्काचा लाभ मोजक्या उत्पादकांना एकगठ्ठा मिळतो आणि त्याचा भार कोट्यवधी ग्राहकांवर पैशापैशाने विखुरतो. म्हणूनच उत्पादक संघटित होतात, ग्राहक होत नाहीत. हा सिद्धान्त पुस्तकात वाचला तर परीक्षेपुरता उरतो. सकाळी ज्या व्यापारी संघटनेचे पत्र स्वतः फाइलीला लावले, त्या पत्रावरून तो कळला की जन्मभर पुरतो.

यामागचा विचार आणखी जुना आहे. १९४९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी एका निबंधात मांडले होते की, समाजाची दिशा निवडणुकीत ठरत नाही. शिक्षक, पत्रकार, लेखक असे जे लोक मूळ विचारवंतांच्या कल्पना सामान्यांपर्यंत पोहोचवितात, ते ती बऱ्याच आधी ठरवितात. त्यांच्या लेखनाने भारावलेल्या अँटनी फिशर या इंग्रज गृहस्थाला राजकारणात उतरायचे होते. हायेक यांनी त्याला परावृत्त केले आणि विचारांच्या क्षेत्रात काम करण्याचा सल्ला दिला. फिशरने कुक्कुटपालनात पैसा केला आणि १९५५ मध्ये लंडनमध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स’ उभी केली. मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या १९७९ मध्ये. म्हणजे कोंबड्यांच्या पैशावर पेरलेले बी उगवायला चोवीस वर्षे लागली. पाच वर्षांच्या पलीकडे न पाहणाऱ्या आपल्या राजकीय पक्षांना हा हिशेब रुचण्यासारखा नाही.

येथवरचे चित्र मोहक आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे, आणि तीही याच विद्यापीठाच्या आवारात दिसते. जॉर्ज मेसन हे व्हर्जिनिया राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ. अर्थशास्त्रात त्याची कीर्ती मोठी. जेम्स बुकॅनन यांना १९८६ मध्ये आणि व्हर्नन स्मिथ यांना २००२ मध्ये नोबेल मिळाले ते तेथे अध्यापन करीत असताना. उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाने या विद्यापीठाला आणि त्याच्याशी संलग्न संशोधन केंद्रांना वर्षानुवर्षे मोठ्या देणग्या दिल्या. देणगीच्या बदल्यात काय ठरले आहे, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या एका गटाने लावून धरला. अखेर एप्रिल २०१८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष आन्हेल काब्रेरा यांनी मान्य केले की, काही जुन्या करारांत देणगीदारांना प्राध्यापकांच्या निवडीत व मूल्यमापनात सहभाग देण्यात आला होता आणि शैक्षणिक स्वातंत्र्याच्या कसोटीला ते करार उतरत नाहीत. विद्यार्थी न्यायालयातही गेले. डिसेंबर २०१९ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, देणग्या स्वीकारणारे विद्यापीठाचे प्रतिष्ठान हे सार्वजनिक प्राधिकरण नाही, म्हणून माहिती देण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असा निर्णय दिला.

मुक्त बाजाराचा पहिला धडा असा की, फुकट काही मिळत नाही. देणगीही फुकट नसते, हा त्याचाच उपसिद्धान्त त्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांना शिकविला, असे म्हणायला हरकत नाही.

पैशाचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो विद्यार्थ्याच्या खिशाचा आहे. वॉशिंग्टनसारख्या महागड्या शहरात बिनपगारी काम करणे ज्याला परवडते, तोच अशा उमेदवारीला जाऊ शकतो. अमेरिकेच्या संसदेने आपल्या कार्यालयांतील इंटर्नना मानधन देण्यासाठी स्वतंत्र तरतूद केली ती २०१८ मध्ये, आणि व्हाइट हाउसने मानधन सुरू केले ते तर २०२२ मध्ये. तोवर लोकशाहीचे हे प्रशिक्षण प्रामुख्याने सुखवस्तू घरांतील मुलांचे राहिले. वैचारिक संस्था शिष्यवृत्त्या देतात. त्यामुळे गरीब पण होतकरू विद्यार्थी ज्या विचारसरणीची शिष्यवृत्ती मिळेल तिच्या दारात जातो. विचार पटल्यामुळे आलेला आणि खोलीचे भाडे सुटते म्हणून आलेला, हे दोघे एकाच बाकावर बसतात. आयोजकांना यातला भेद ठाऊक असतो, आणि तो चालतो.

भारतात या वाटेने सर्वांत ठळकपणे गेलेली संस्था म्हणजे दिल्लीचे ‘सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी’. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकवून परतलेले पार्थ शहा यांनी ती १९९७ मध्ये स्थापन केली. तिच्या उन्हाळी संशोधन उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ग्रंथालयात बसविण्याऐवजी रस्त्यावर पाठविले गेले. फेरीवाला, सायकल रिक्षावाला यांना धंदा करण्यासाठी कोणते परवाने लागतात, ते मिळतात का, न मिळाल्यास हप्ता कोणाला द्यावा लागतो, याच्या नोंदी मुलांनी घेतल्या. त्या काळी दिल्लीत सायकल रिक्षांच्या परवान्यांवर ९९ हजारांची मर्यादा होती, आणि रिक्षा ज्याच्या मालकीची त्यानेच ती ओढावी असा नियम होता. प्रत्यक्षात धावणाऱ्या रिक्षा त्या आकड्याच्या कितीतरी पट. म्हणजे उरलेले सारे रिक्षावाले कायद्याने गुन्हेगार. ‘मानुषी’ संघटनेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही मर्यादा रद्द केली. पुढे २०१४ मध्ये संसदेने फेरीवाल्यांच्या उपजीविकेचा कायदा केला. याचे श्रेय विद्यार्थ्यांच्या वह्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण मुक्त बाजार म्हणजे केवळ उद्योगपतींची सोय, या समजाला त्या वह्यांनी छेद दिला. परवाना राज्याचा सर्वांत जाच मोठ्या कारखानदाराला होत नाही, त्याच्याकडे वकील असतो. तो होतो टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला.

मराठी वाचकाला ही मांडणी नवी वाटू नये. शरद जोशी यांनी तीच शेताच्या बांधावरून केली होती. स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून ते चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले, आणि शेतीत तोटा का येतो याचा हिशेब मांडता मांडता सरकारी भावनियंत्रणापर्यंत पोहोचले. आंबेठाणला त्यांनी शेतकऱ्यांची प्रशिक्षण शिबिरे घेतली. तेथे अर्थशास्त्र शिकविले जाई ते कांद्याच्या आणि उसाच्या भाषेत. समोर बसलेला माणूस स्वतःच्या तोट्याचा तज्ज्ञ असे; त्याला सिद्धान्त तेवढा हवा होता. वॉशिंग्टनच्या विद्यार्थ्याला आधी सिद्धान्त मिळतो आणि अनुभव मागून. आंबेठाणला क्रम उलटा होता. माझ्या मते तो अधिक टिकाऊ होता. मात्र त्या शिबिरांना श्रेयांक नव्हते, त्यांचे विद्यापीठीय शास्त्र झाले नाही, आणि जोशी यांच्यानंतर ती परंपरा पुढे नेईल अशी शिक्षणसंस्था मराठीत उभी राहिली नाही.

आता गोव्याकडे येऊ. येथे धोरणाच्या अभ्यासाला विषयांची वाण नाही. एकट्या टॅक्सीचा प्रश्न घ्या. देशभर चालणाऱ्या ॲप-आधारित टॅक्सी सेवा गोव्यात नाहीत. ‘गोवा माइल्स’ २०१८ मध्ये आली तेव्हापासून तिच्याभोवती संघर्ष आहे. २०२५ मध्ये सरकारने अशा सेवांसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला आणि टॅक्सीचालकांच्या तीव्र विरोधानंतर तो गुंडाळला. मुक्त बाजाराचा पाठ्यपुस्तकी विद्यार्थी म्हणेल, ही तर मक्तेदारी. ग्राहक लुटला जातो, स्पर्धा येऊ द्या. हे खोटे नाही. पण त्याने टॅक्सीच्या थांब्यावर महिनाभर बसावे. कर्ज काढून घेतलेली गाडी, चार महिन्यांचा हंगाम, पावसाळ्यात रिकामे थांबे, आणि गावातल्या जमिनी पर्यटनाकडे गेल्यावर उरलेले हे एकच साधन, हे त्याला तेथे दिसेल. ॲपचा मालक आणि गाडीचा मालक यांच्यात दर ठरविण्याची ताकद कोणाकडे राहील, हाही बाजाराचाच प्रश्न आहे आणि मोठ्या कंपनीची मक्तेदारी ही थांब्यावरच्या मक्तेदारीपेक्षा सौम्य असते असे मानण्याचे कारण नाही. याच्या उलट, थांब्याची बाजू घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने रात्री उशिरा विमानतळावर उतरलेल्या, गावी परतणाऱ्या गोंयकाराला भाड्याबद्दल विचारावे. दोघांच्याही टिपणांत फरक पडेल.

असा अभ्यास करून घेणारी संस्था आज राज्यात नाही, म्हणून बाहेरच्या संस्था आपले कार्यक्रम घेऊन महाविद्यालयांच्या दारात आल्या तर त्यात आश्चर्य नाही, आणि त्यांना दार लावण्यातही शहाणपण नाही. विचारसरणी उघड सांगणारी संस्था, तटस्थतेचा आव आणणाऱ्या संस्थेपेक्षा परवडते. शिवाय दबाव केवळ देणगीदाराचा असतो असेही नाही. दिल्लीतील ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’ या जुन्या संस्थेचा विदेशी देणग्या घेण्याचा परवाना जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने रद्द केला, हे ताजे उदाहरण आहे.

महाविद्यालयांनी अट घालावी ती वाचनाची. बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला १९५५ मध्ये दिलेली भिन्नमतपत्रिका विद्यार्थ्याने वाचावीच. पण तिच्या शेजारी धनंजयराव गाडगीळ असावेत. नियोजन आणि सहकार या दोन्हींवर त्यांची निष्ठा होती आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तर दोन्ही बाजूंना भेटतात. १९२३ च्या रुपयाविषयीच्या ग्रंथात चलनावरील सरकारच्या मनमानीला लगाम हवा म्हणणारे, आणि १९४७ च्या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत म्हणणारे आंबेडकर एकच आहेत. हे कोडे ज्याला पडले नाही, त्याला कोणत्याही बाजूचे प्रशिक्षण घातकच.

दुसरी अट मानधनाची. पेडणे किंवा सांगे येथून पणजीला रोज बसने येणाऱ्या मुलीला एकशेवीस तासांचा प्रवासखर्च कोण देणार, याचे उत्तर करारावर सही होण्यापूर्वी लेखी असले पाहिजे. आणि पैसा देणाऱ्या संस्थेशी झालेला करार महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावला पाहिजे. जॉर्ज मेसनच्या विद्यार्थ्यांना ज्या कागदांसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ते येथे चार खिळ्यांत होण्यासारखे आहे.