सौरपंपाच्या नियंत्रकाची पारख

मोट गेली, तेलाचें एंजिन आलें. त्याच्या मागून विजेचा पंप आला. आणि २०१९ सालीं पीएम-कुसुम योजना निघाल्यापासून सौरपंप शेतोशेतीं दिसूं लागला आहे. पंप घेतांना आपले शेतकरी बंधु अश्वशक्ति विचारतात, पॅनेलें मोजून घेतात. परंतु पॅनेलें व मोटर यांच्यामध्यें जी नियंत्रकाची पेटी असते, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आमच्या मतें ही मोठी उणीव आहे.

या पेटीचें मुख्य काम पाहणें व पाहिल्याप्रमाणें सुधारणें हें होय. दारें धरणारा माणूस वाफा भरला कीं नाहीं हें पाहूनच पाणी पुढें वळवितो. तेलाच्या एंजिनाचा गव्हर्नर वेग पाहूनच तेल कमीअधिक सोडतो. त्याचप्रमाणें नियंत्रक पॅनेलचा व्होल्टेज व प्रवाह मोजून मोटरीचा वेग ठरवितो. पॅनेलपासून अधिकांत अधिक शक्ति एका विशिष्ट व्होल्टेजासच मिळते, आणि ऊन व उष्णता यांप्रमाणें तो व्होल्टेज बदलत राहतो.

तो हुडकण्याच्या तीन रीति रूढ आहेत. पहिली, व्होल्टेज एका ठराविक आंकड्यावर बांधून ठेवण्याची. ती सोपी व स्वस्त खरी. पण पॅनेलें तापलीं म्हणजे योग्य व्होल्टेज खालीं उतरतो व बांधलेला आंकडा चुकीचा ठरतो. दुसरी, व्होल्टेज किंचित् हलवून शक्ति वाढली कीं घटली हें पाहण्याची. वाढली तर त्याच दिशेनें पुढें जावें, घटली तर मागें फिरावें. तिसरी, प्रवाहांतील व व्होल्टेजांतील बदलांचें प्रमाण काढून शिखर कोणीकडे आहे हें ठरविण्याची. ढग धांवत असतां दुसरी रीति कधीं कधीं फसते. तिसरी कमी फसते, परंतु तिला मापें बिनचूक लागतात.

म्हणून तिसरीच सर्वांनीं घ्यावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पंपाच्या कामीं शिखराच्या टोंकावर उभें राहण्यापेक्षां पाणी न तुटणें अधिक मोलाचें आहे. ढग येतांच नियंत्रकानें वेग त्वरित उतरविला नाहीं, तर पॅनेलचा व्होल्टेज कोसळतो व पंप बंद पडून पुनः पुनः सुरू होतो. उलट सुधारणा फार जड हातानें केली तर वेग सारखा वरखालीं होत राहतो. दुसऱ्या रीतीचा नीट बसविलेला नियंत्रक हें दोन्ही दोष टाळूं शकतो. नीट न बसविलेला तिसऱ्या रीतीचाही टाळूं शकत नाहीं. शिवाय कांहीं पॅनेलांवर झाडाची सावली पडली तर शक्तीचीं दोन शिखरें होतात, व दोन्ही रीति लहान शिखरावर अडकूं शकतात. तेथें महाग पेटीपेक्षां पॅनेलांची जागा बदलणेंच शहाणपणाचें.

तेव्हां विक्रेत्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे. ढग आल्यास वेग किती लवकर उतरतो? विहीर कोरडी पडल्यास पंप आपोआप थांबतो काय? बसविणारा माणूस आमच्या विहिरीच्या खोलीप्रमाणें आंकडे भरून ते लेखी देईल काय? उत्तरें कागदावर घ्यावीं, आणि परीक्षा स्वच्छ उन्हांत न घेतां ढगाळ दिवशीं घ्यावी. एकट्यानें विचारलेला प्रश्न विक्रेता हंसून टाळील. गांवच्या दहा जणांनीं मिळून विचारला तर त्यास उत्तर द्यावेंच लागेल.