घरचा ठेवा : पाडव्याचा फोटो

जबलपूरच्या एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे : सासूबाईंच्या पश्चात त्यांच्या ट्रंकेत शे-सव्वाशे जुने फोटो निघाले, बहुतेक सणावारांचे आणि लग्नमुंजीचे. त्यांतील निम्मी माणसे घरात कोणालाच ओळखता येत नाहीत. असे फोटो ठेवावेत की टाकावेत, आणि ठेवायचे तर कसे?

टाकू नयेत, हे उत्तर एका ओळीत देता आले असते. परंतु या प्रश्नामागे एक हळहळ आहे, आणि ती पुष्कळ घरांतील आहे. म्हणून या वेळचे हे सदर त्या ट्रंकेसाठीच राखून ठेवीत आहे.

आपल्या घरांत हे फोटो मुळात आले कसे, हे आधी थोडक्यात पाहू. छायाचित्रणाची विद्या जगापुढे उघड झाली ती १८३९ साली, पॅरिसमध्ये. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लवकरच एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्ग निघाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळचे नामवंत छायाचित्रकार. तिकडे मीरतजवळच्या सरधन्याचे लाला दीनदयाळ रुडकीला स्थापत्य शिकले, इंदूरला नोकरीत असताना फोटो काढू लागले आणि पुढे निजामाचे राजछायाचित्रकार झाले. पडद्यातील स्त्रियांनाही आपली छबी उतरवून घेता यावी म्हणून १८९२ साली त्यांनी हैदराबादेत एक खास जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था एका स्त्रीकडेच सोपविली.

तरीही फोटो ही बराच काळ श्रीमंतांचीच मिरास होती. १९०० साली अमेरिकेत ‘ब्राउनी’ नावाचा एक डॉलर किमतीचा पेटीवजा कॅमेरा निघाला आणि फोटो काढणे हे सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. आपल्याकडे ही मजल गाठायला आणखी काही दशके लागली. गावोगावी स्टुडिओ निघाले. हौशी मामा-काका पेटी-कॅमेरे बाळगू लागले. पुढे बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा तर मध्यमवर्गीय घरातील एक मानाचा ऐवजच होऊन बसला. एका रिळात बारा फोटो! ते बारा कसे पुरवावेत याची चर्चा आठवडाभर चाले. अशा काटकसरीत फोटो कोणत्या दिवशी निघणार? अर्थातच सणाच्या.

म्हणूनच जुन्या कौटुंबिक फोटोंचा संग्रह हा बव्हंशी आपल्या सणांचाच संग्रह असतो. नव्या सुनेची पहिली संक्रांत आली की तिला काळी चंद्रकळा नेसवून, हलव्याचे दागिने घालून स्टुडिओत नेत; मागे रंगविलेला पडदा, शेजारी उंच तिवईवर फुलदाणी. बोरन्हाणातले गोंधळलेले मूल, डोहाळजेवणाची फुलांची वाडी, गौरीपुढची आरास, हे सारे त्या चौकोनांत आहे. आणि हे केवळ आपल्याच भाषेच्या घरांत नव्हे. बंगाली घरात अन्नप्राशनाच्या दिवशी टोपर घातलेले बाळ दिसेल, तमिळ घरात नवरात्रातील कोलूच्या पायऱ्यांपुढे बसलेल्या मुली दिसतील, गोव्यातील घरात नाताळच्या गोठ्याभोवती उभे असलेले कुटुंब दिसेल, पारशी घरात नवजोतीचा सदरा-कुस्ती ल्यालेला मुलगा दिसेल. तंजावरकडील मराठी कुटुंबांच्या सणांत तर कावेरीकाठचे आणि कृष्णाकाठचे रिवाज एकाच घरात नांदताना आढळतील. राजस्थानातील नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी याहून मौजेची युक्ती काढली होती. श्रीनाथजींच्या उत्सवाचे चित्र ते हाताने रंगवीत आणि पूजेला उभ्या असलेल्या यजमान कुटुंबाचे चेहरे मात्र फोटोतून कापून तेथे चिकटवीत. देव रंगांतला आणि भक्त छायाचित्रातला!

या फोटोंकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी घरगुती कॅमेऱ्याला प्रकाश फार लागे. त्यामुळे दिवाळीच्या पणत्या, आकाशकंदील, पहाटेचे अभ्यंगस्नान यांचे फोटो सहसा आढळत नाहीत. आढळते ती दिवाळीची सकाळ. अंगणात किंवा चौकात, उन्हाने डोळे बारीक करून उभी असलेली माणसे. सणाचा खरा उजेड फोटोत आलाच नाही. तो सांगणाऱ्याच्या तोंडी राहिला. सांगणारा गेला की फोटो अर्धा विझतो.

हे मला एका फोटोने शिकविले. तो आमच्या आजोळचा, इंदूरच्या जुन्या वाड्यातील आहे. पाठीवर शाईने एवढेच लिहिले आहे : ‘पाडवा, १९४१.’ चौकात सतरंजी अंथरली आहे. पणजोबा खुर्चीवर, पायाशी मुले, मागे लेकीसुना; मिळून अकरा माणसे. माझ्या आईने नऊ जणांची नावे भराभर सांगितली. दोघे राहिले. तेव्हा हयात असलेली, नव्वदीला टेकलेली माझी मावशीआजी हिच्याकडे मी तो फोटो घेऊन गेलो. त्यात ती स्वतः सात वर्षांची, परकर-पोलक्यात, पुढच्या रांगेत बसलेली आहे.

तिने भिंग लावून पाहिले. दोघांपैकी एक उज्जैनहून आलेला तिचा आतेभाऊ निघाला. दुसरा टोपी घातलेला किडकिडीत मुलगा पाहून ती हसली आणि म्हणाली, “हा बुधवारचा!” तो वार लावून जेवणारा विद्यार्थी होता. त्याचा आमच्या घरचा वार बुधवार. सणाला घरी जाण्याइतके पैसे नसत म्हणून त्याला पाडव्याला जेवायला बोलावले होते, आणि पणजोबांनी त्याला हाताला धरून फोटोत उभे केले होते. डोक्यावरची टोपी मामांची. त्याचे नाव? तिने बराच वेळ डोळे मिटून आठवून पाहिले. नाव काही आठवले नाही.

मग तिने विचारले, “आणि हिला नाही का मोजलीस?”

चौकाच्या कडेला माजघराचे दार आहे. त्या दाराच्या सावलीत डोक्यावरून पदर घेतलेली एक आकृती उभी आहे; अर्धी चौकटीच्या आत, अर्धी बाहेर. हातात फराळाचे ताट. आम्ही इतकी वर्षे तो फोटो पाहत होतो, पण ती सावली आहे असेच समजत होतो. ती पणजोबांची बहीण. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. चार दिवस सोवळ्यात चुलीपुढे बसून त्या अकरा जणांचा फराळ तिनेच केला होता. सणाच्या फोटोत तिने उभे राहू नये, हे कोणी तिला सांगितले नव्हते. सांगावे लागत नव्हते. फोटोवाल्याने कॅमेरा थोडा तिरका धरला म्हणून तेवढी ती आली.

“नाव काय गं तिचे?” मी विचारले. मावशीआजी गप्प राहिली. सगळे तिला आत्याच म्हणत. दोन दिवसांनी तिचा दूरध्वनी आला. पलीकडून एकच शब्द आला : “द्वारका.” तिला रात्री अचानक आठवले होते, आणि सकाळ होईपर्यंत विसरेन की काय या भीतीने ती जागीच राहिली होती.

पुढच्या वर्षी मावशीआजी गेली. मी आणखी वर्षभर आळस केला असता, तर द्वारकाआत्या ही आमच्या घराच्या स्मृतीत कायमची सावलीच राहिली असती. आता त्या फोटोच्या पाकिटावर बारा नोंदी आहेत. अकरांपुढे नावे आहेत. बाराव्या जागी ‘बुधवारचा’ एवढेच लिहिले आहे. त्या मुलाच्या स्वतःच्या घरी कदाचित त्याचा लहानपणीचा एकही फोटो नसेल. कोणी ओळखील या आशेने आम्ही ती जागा रिकामी ठेवली आहे.

तेव्हा जुने फोटो जमविणे हा जुन्या वस्तूंचा शौक नाही. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या सागवानी चौकटी विकत मिळतात. गिऱ्हाइकाला चौकट हवी असते. आतला फोटो पुष्कळदा टाकून दिला जातो. ज्यांचे नाव सांगणारे कोणी उरले नाही त्यांची ही अवस्था. उलट, ज्यांनी अशा चित्रांचे मोल जाणले त्यांनी केवढे काम केले आहे! नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी जमविलेला छायाचित्रांचा संग्रह अभ्यासकांना आधारभूत ठरला. दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जतन केल्या आहेत. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने तमिळनाडूतील जुन्या स्टुडिओंमधील चित्रांच्या प्रती करण्याचे काम हाती घेतले. अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये तर सामान्य कुटुंबांचे फोटो त्यांच्या हकीकतींसह एकत्र केले जातात. फोटो आणि हकीकत ही जोडी तुटू द्यायची नाही, हेच त्यातील सूत्र आहे.

आता जबलपूरच्या भगिनींनी विचारलेल्या ‘कसे’ याविषयी.

प्रथम ट्रंक रिकामी करण्याची घाई करू नये. फोटो ज्या क्रमाने, ज्या पाकिटात सापडले त्याची नोंद करावी. एका पाकिटातील फोटो बहुधा एकाच प्रसंगाचे असतात. मग प्रत्येकाला क्रमांक द्यावा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला पिवळसर तपकिरी फोटो असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देत. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव व गाव छापलेले असते. ते अवश्य टिपून घ्यावे. पाठीवर पोस्टकार्डासारख्या रेघा असतील तर तो विसाव्या शतकातला. कंगोऱ्यांची पांढरी किनार बहुधा चाळीस-पन्नासच्या सुमाराची. कपडे, पडदा, खुर्ची यांवरूनही माग लागतो. एकच खुर्ची चार फोटोंत दिसली तर स्टुडिओ एकच!

लिहायचे ते बोथट मऊ पेन्सिलीने, फोटो पालथा घालून, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने पाझरते. गुळगुळीत पाठीच्या अलीकडच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही. त्यांच्या बाबतीत पाकिटावर लिहावे. समूहाचा फोटो असेल तर त्याची एक प्रत काढून प्रतीवर चेहऱ्यांना आकडे घालावेत आणि खाली नावे लिहावीत. नाव लिहिताना ‘सौ. काकू’ असे लिहू नये. पन्नास वर्षांनी ती कोणाची काकू हे कोण सांगणार? स्त्रियांचे स्वतःचे नाव, माहेरचे आणि सासरचे, दोन्ही लिहावे.

फोटो वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. आम्लरहित कागद मिळत असेल तर उत्तम. चिकट पानांचे आल्बम आणि लॅमिनेशन ही दोन्ही टाळावीत. पोटमाळ्याची उष्णता आणि बाहेरच्या भिंतीची ओल हे फोटोंचे शत्रू. कोकण, केरळ, बंगाल येथील वाचकांनी बुरशीची विशेष काळजी घ्यावी. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट त्याची प्रत घ्यावी. ओल्या फडक्याने पुसणे तर मुळीच नको. मऊ, कोरडा कुंचला पुरे. प्रत घेण्यासाठी हातातला फोनही चालतो. उन्हात नव्हे, सावलीच्या सारख्या प्रकाशात. प्रती भावंडांत वाटाव्यात. चार घरांत असलेली गोष्ट एका घरच्या वाळवीने नष्ट होत नाही.

आज आपल्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि एकाही फोटोवर नाव नाही. आपल्या नातवंडांसाठी आपण केवढी ट्रंक भरून ठेवीत आहोत, याचाही विचार करावा.

परंतु या साऱ्या युक्त्या पुढच्या महिन्यात करता येतील. एक गोष्ट मात्र आजच करावी. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसावे, तिच्या हाती एक फोटो आणि भिंग द्यावे, आणि विचारावे, “यात कोण कोण आहे?” उत्तर मिळाल्यावर लगेच उठू नये. आणखी एक प्रश्न विचारावा : “आणि यात नसलेले कोण?”

फोटो कोणी काढला, ताट कोणी वाढले, दारामागे कोण उभे होते, हे त्या दुसऱ्या प्रश्नानेच कळते.